इनो सेटअप ६ : फोल्डरचा पत्ता बिनचूक, पण ‘सिस’पाशी जपून

जळगावची डाळमिल घ्या किंवा रावेरची केळीची आडत. संगणक एक, खाती दोन: मालकाचं ॲडमिन, दिवाणजीचं साधं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर अशाच ठिकाणी कसाला लागतो. असे इन्स्टॉलर बनवून देणारं जॉर्डन रसेल यांचं इनो सेटअप त्या कसाला बहुतांशी उतरतं.

कुठली फाइल कुठे जाणार हे सांगणाऱ्या स्क्रिप्टमध्ये सी ड्राइव्हचा पत्ता हाताने लिहूच नका. महिरपी कंसात ‘ऑटोपीएफ’ लिहिलं की ॲडमिन हक्क असताना प्रोग्राम फाइल्स मिळतं, नसताना त्या वापरकर्त्याच्या लोकल ॲपडेटामधलं प्रोग्राम्स. इथवर सगळं सरळ आहे.

खरी गफलत ‘यूजरॲपडेटा’ची, म्हणजे सेटअप ज्याच्या नावाने चालतो त्याच्या स्वतःच्या डेटा फोल्डरची. सेटअप दिवाणजीच्या खात्यातून सुरू होतो, विंडोज पासवर्ड मागते, मालकाचा टाकला जातो. तिथून पुढे सेटअप मालकाच्या नावाने चालतो, म्हणून कोरा डेटाबेस मालकाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. दिवाणजीचा प्रोग्राम तो स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतो आणि त्याला तो सापडत नाही. कंपाइल करतानाच इनो याची वॉर्निंग देतं, हा त्याचा मोठा गुण. ती बंद करायची सोयही आहे. अशा कामात ती वापरू नये.

सामाईक डेटासाठी ‘कॉमनॲपडेटा’, म्हणजे सी ड्राइव्हवरचं प्रोग्रामडेटा, हीच योग्य जागा. तिथलं आपलं उपफोल्डर स्क्रिप्टच्या ‘डर्स’ (फोल्डरांच्या) विभागात लिहून त्याला ‘यूजर्स-मॉडिफाय’, म्हणजे साध्या खात्यांनाही बदल करू देणारी परवानगी द्या, फक्त त्या उपफोल्डरपुरती. ती द्यायची राहिली तर दिवाणजीला जुनी बिलं दिसतात, नवं सेव्ह होत नाही. डेटाबेसच्या फाइलला ‘ओन्लीइफडझन्टएक्झिस्ट’ (फाइल आधीच असेल तर हात लावू नको) आणि ‘अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल’ (प्रोग्राम काढताना ही फाइल काढू नको) हे दोन्ही फ्लॅग हवेतच. पहिला नसला तर पुढच्या अपडेटला भरलेल्या वहीवर कोरी वही बसू शकते. प्रोग्रामडेटा एरवी लपलेलं असतं, म्हणून बॅकअपसाठी त्या उपफोल्डरचा शॉर्टकट स्टार्ट मेनूत द्यावा.

तक्रार आहे ती ‘सिस’बद्दल, म्हणजे विंडोजच्या सिस्टम फोल्डरसाठीच्या शब्दाबद्दल. ६४-बिट विंडोजमध्ये नावं मुळात उलटी वाटतात: ६४-बिट फाइल्स सिस्टम३२ मध्ये, ३२-बिट फाइल्स सिसवॉव६४ मध्ये. आवृत्ती ६ काही न सांगता ३२-बिट मोडमध्ये बसवते, त्यामुळे ‘सिस’ लिहिलेली फाइल मुकाट्याने सिसवॉव६४ मध्ये पडते. सेटअप ‘यशस्वी’ म्हणतो आणि ६४-बिट प्रोग्राम उघडताना त्याला लागणारी डीएलएल (जोड-फाइल) सापडत नाही. प्रोग्राम ६४-बिट असेल तर ‘आर्किटेक्चर्सइन्स्टॉलइन६४बिटमोड’ ही ओळ घालायलाच हवी. त्याहून बरं म्हणजे स्वतःची डीएलएल सिस्टम फोल्डरमध्ये टाकूच नये. प्रोग्रामशेजारी, ‘ॲप’मध्येच (प्रोग्राम बसतो त्या फोल्डरमध्ये) ठेवावी.

शंका आली तर सेटअप ‘स्लॅश लॉग’ जोडून चालवा. टेम्प फोल्डरमध्ये तयार होणाऱ्या नोंदीत प्रत्येक फाइलपुढे ‘डेस्ट फाइलनेम’ म्हणून ती जाणार तो पूर्ण पत्ता छापलेला असतो. ही चाचणी साध्या खात्यातून, मालकाचा पासवर्ड टाकूनच करावी. ॲडमिन खात्यातून केली तर यूजरॲपडेटाची चूक दिसतच नाही.