यीस्ट की सूत्रकृमी: वार्धक्यातली प्रथिनं कशावर शिकावीत?

जळगावला एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीने विचारलं: म्हातारपणात प्रथिनं कशी बिघडतात ते शिकायचंय, प्रकल्प यीस्टवर करू की सी. एलेगन्स या सूत्रकृमीवर?

आधी तापमान. खान्देशात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. यीस्ट ३० अंशांना मजेत वाढतं, दीड तासात दुप्पट होतं. कृमींना साधारण २० अंश लागतात; २७च्या आसपास त्यांचं प्रजननच ढासळतं. म्हणजे कूलिंग इन्क्युबेटर हवा, आणि वीज गेली तर बॅकअपही. खर्चात यीस्टच स्वस्त.

प्रथिनांचं म्हणाल तर दोघंही शिकवतात, पण वेगळं. यीस्टची मातृपेशी बिघडलेली प्रथिनं बरीचशी स्वतःकडे ठेवते, म्हणून तिच्यातून फुटणारी कळी, म्हणजे नवी पेशी, तरुण निघते. एचएसपी१०४ हे प्रथिन बिघडलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या सोडवतं. वेस्टर्न ब्लॉटसाठी (नमुन्यातलं ठराविक प्रथिन ओळखायची चाचणी) लागणारा माल एका रात्रीत तयार होतो. मात्र यीस्टला ना स्नायू, ना मज्जातंतू. कृमी पारदर्शक असतो. प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं, की जिवंत प्राण्यात गुठळ्या वाढताना डोळ्यांनी दिसतात, आणि हे पाहिलेला विद्यार्थी विषय सोडत नाही. १९९३ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ सिंथिया केन्यन यांच्या गटाने डॅफ-२ या एकाच जनुकातल्या बदलाने कृमीचं आयुष्य दुपटीहून वाढतं हे दाखवलं, तेही याच प्राण्यात.

कष्ट कृमींच्या कामातच जास्त: दोन-तीन आठवडे तारेने हलकेच स्पर्श करून जिवंत-मेलेले मोजायचे, रविवारीही.

एका सत्राचा प्रकल्प आणि हात बसवायचा असेल तर यीस्ट घे. पुढे पीएच.डी., त्यातही मेंदूचे आजार डोक्यात असतील, तर कृमी. पण थंड खोली असलेली प्रयोगशाळा मिळाली तरच.