एकच सकाळ हातात आहे: केळकर संग्रहालय की आदिवासी संग्रहालय?

मावशी नाशिकहून येतेय, गुडघे दुखतात, आणि वेळ एका सकाळीपुरताच. तिने विचारलं, "कुठलं दाखवशील?"

पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणजे एका माणसाचा ध्यास. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि 1975 मध्ये त्या राज्य सरकारला दिल्या. दिवे, अडकित्ते, वाद्यं, कोरीव दरवाजे, शिवाय कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल. एकेका अडकित्त्यापाशी मी रेंगाळते. दोन-अडीच तास हवेतच. पण जिने बरेच, आणि बाजीराव रस्त्यावर गाडी लावणं कठीण. मंडई मेट्रोवरून चालत या.

पुणे स्टेशनच्या बाजूचं आदिवासी संग्रहालय आटोपशीर. वारली चित्रं, बोहाड्याचे (आदिवासींच्या सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे) मुखवटे, दागिने. तासाभरात निवांत होतं.

तिकीट दोन्हीकडचं खिशाला जड नाही. आदिवासी संग्रहालय सरकारी संस्थेचं, म्हणून सुट्टीची खात्री फोनवर आधीच करा.

पायऱ्या चढता येत असतील आणि जुन्या घरांतल्या वस्तूंची ओढ असेल, तर केळकर. गाडी पकडायची असेल किंवा वारली चित्रांची आवड असेल, तर आदिवासी. मावशीला मी तिथेच नेणार आहे.