पार्किन्सन्सच्या रुग्णासाठी बुद्धीची चाचणी: एमएमएसई, मोका की सविस्तर तपासणी?

पार्किन्सन्सचे निदान होऊन काही वर्षे उलटली की हातापायांच्या संथपणाबरोबर आणखीही काही बदल घरच्यांच्या लक्षात येऊ लागतात. बँकेची स्लिप भरताना वडील मध्येच थांबतात, दोन कामे एकाच वेळी सांगितली तर दोन्ही अर्धवट राहतात, ओळखीच्या गल्लीतही क्षणभर दिशा कळेनाशी होते. अशा वेळी डॉक्टर एक छोटी चाचणी सुचवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत तीसपैकी काही गुण कागदावर लिहून मिळतात. या गुणांवर किती विसंबायचे, कोणती चाचणी मागायची आणि पुण्याला किंवा बंगळुरूला जाऊन सविस्तर तपासणी करण्याची गरज केव्हा पडते, हे ठरवू पाहणाऱ्या कोल्हापूर परिसरातील कुटुंबांसाठी आणि त्यांच्या फॅमिली डॉक्टरांसाठी ही तुलना लिहिली आहे. माझे मत आधीच सांगतो. अशा छोट्या चाचण्यांपैकी नेहमीच्या दोन म्हणजे एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) आणि मोका (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट). रुग्ण बऱ्यापैकी शिकलेला असेल तर एमएमएसईपेक्षा मोका निश्चितच बरी. शिक्षण नसेल किंवा अगदीच थोडे असेल तर दोन्हींच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नये. आणि मोठा निर्णय समोर असेल तर छोट्या चाचणीवर थांबू नये.

या दोन चाचण्यांमधला फरक समजण्यासाठी पार्किन्सन्समध्ये बुद्धीचा कोणता भाग आधी दुखावतो हे पाहावे लागते. अल्झायमरमध्ये बहुधा नवी माहिती मनात साठणेच बिघडते. पार्किन्सन्समध्ये मात्र सुरुवातीला लक्ष टिकवणे, कामांची आखणी करणे, एका विचारावरून दुसऱ्यावर वळणे आणि जागेचा व आकाराचा अंदाज घेणे यांवर परिणाम दिसतो. आठवण बऱ्याचदा आत शाबूत असते, पण ती हवी तेव्हा वर येत नाही आणि थोडी खूण दिली की लगेच सापडते. भाषा बराच काळ टिकून राहते.

एमएमएसई ही चाचणी १९७५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या ३० गुणांपैकी १० गुण वार, तारीख, ठिकाण यांना आणि ८ गुण भाषेला आहेत, तर आकृती उतरवून काढण्याला फक्त १. आखणी आणि विचार वळवण्याची क्षमता तपासणारा स्वतंत्र प्रश्न तिच्यात नाही. म्हणजे पार्किन्सन्समध्ये जे बराच काळ टिकते त्याला भरभरून गुण, आणि जे आधी ढासळते त्याची जवळपास विचारपूसच नाही. त्यामुळे घरात रोज अडखळणारा निवृत्त शिक्षक या चाचणीत २८-२९ गुण सहज मिळवतो आणि ‘सगळे ठीक आहे’ असा शेरा घेऊन परत येतो. मोका ही २००५ सालची चाचणी याबाबत अधिक नेमकी आहे. तिच्यात आकडे आणि अक्षरे आलटून-पालटून जोडणे, घन काढणे, अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे घड्याळ काढणे, एका मिनिटात ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगणे आणि पाच शब्द काही मिनिटांनी आठवणे यांचा समावेश आहे. तिची मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे.

तरीही मोकाचा आकडा म्हणजे निदान नव्हे. फिलाडेल्फियातील २००९ च्या एका अभ्यासात पार्किन्सन्सच्या रुग्णांना या दोन्ही चाचण्या देऊन त्यांचे निकाल प्रत्यक्ष निदानाशी ताडून पाहिले गेले. बौद्धिक अडचण असलेले सुमारे ९० टक्के रुग्ण सापडावेत असा निकष लावला तेव्हा मोकाची सीमारेषा २६ आणि २७ यांच्या मध्ये आली. पण त्या रेषेवर अडचण नसलेल्यांपैकी जेमतेम ५३ टक्के लोकच योग्य रीतीने वगळले गेले. एमएमएसईची रेषा तर २९ आणि ३० यांच्या मध्ये आली आणि योग्य रीतीने वगळल्या गेलेल्यांचे प्रमाण ३८ टक्क्यांवर घसरले. एक गुण गेला की संशयित, असा या रेषेचा अर्थ होतो, आणि अशी रेषा कोणत्याही कुटुंबाच्या उपयोगाची नाही. न्यूझीलंडमधील २०१० च्या अभ्यासाने मोकासाठी २६ च्या खाली सौम्य बिघाडाचा आणि २१ च्या खाली डिमेन्शियाचा (रोजचे व्यवहार अडवणाऱ्या बौद्धिक ऱ्हासाचा) संशय घ्यावा असे सुचवले. हे आकडे दिशा दाखवतात, पण ते इंग्रजी बोलणाऱ्या आणि शाळा शिकलेल्या लोकांवरून आलेले आहेत.

कोल्हापुरात हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. शंभरातून सात-सात वजा करण्याचा प्रश्न दोन्ही चाचण्यांत असतो. शाहू मार्केट यार्डात आयुष्यभर गुळाचे सौदे केलेला अडत्या चौथी पास असला तरी ही वजाबाकी झोपेतही करील. त्याचे लक्ष विचलित होऊ लागले असले तरी या प्रश्नात ते दिसणार नाही. याउलट शिरोळ तालुक्यातील ज्या आजींनी कधी पेन्सिल धरली नाही, त्यांना घन काढायला सांगितले तर गुण जाणार ते शाळेच्या अभावाचे, आजाराचे नव्हे. तारीख विचारली तर त्या तिथी सांगतात; वार विचारला तर ‘आज जोतिबाचा वार’ असे उत्तर येते. तो दिवस रविवार असेल तर हे उत्तर पूर्ण बरोबर आहे, पण तपासणारी व्यक्ती बाहेरगावची असेल आणि नुसता ठरलेला शब्द शोधत असेल तर तो गुण हकनाक जातो. बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिक्षण असेल तर मोकात एक गुण वाढवून मिळतो, पण अकरावीपर्यंत शिकलेल्याला आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्याला सारखाच एक गुण देऊन हे अंतर भरून निघत नाही. अशा रुग्णांसाठी मोका-बेसिक ही वेगळी चाचणी आहे, आणि ग्रामीण निरक्षर लोकांसाठी हिंदीत तयार केलेली एचएमएसई (हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही चाचणीही आहे. मात्र मराठीच बोलणाऱ्या आजींना हिंदी प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही.

आजार स्वतःच चाचणीच्या आड येतो, हीसुद्धा दोन्हींची सामाईक मर्यादा. लोकांना वाटते की हात थरथरल्यामुळे चित्र बिघडते, पण पार्किन्सन्सचा कंप बहुधा विश्रांतीत जास्त आणि काम करताना कमी असतो; खरे नुकसान करतात ते संथपणा, ताठरपणा आणि आकसत जाणारे अक्षर. घड्याळातले आकडे एका बाजूला दाटीने बसले तर ते आखणी चुकल्यामुळे की हात आखडल्यामुळे, हे नुसत्या कागदावरून कळत नाही. चित्र काढताना रुग्णाकडे पाहत बसलेल्यालाच ते कळते. मिनिटभरात शब्द सांगायचे असतील तेव्हा आवाज खोल गेलेल्या, सावकाश बोलणाऱ्या माणसाचे गुण विचार शाबूत असूनही कमी होतात. शिवाय मोकात खूण दिल्यावर आठवलेल्या शब्दांना एकूण गुणांत स्थान नाही. त्यांची नोंद वेगळी करता येते आणि पार्किन्सन्समध्ये ती नोंद एकूण गुणांइतकीच मोलाची असते, म्हणून ती आवर्जून मागावी.

वेळेचे भान तर फारच थोड्या ठिकाणी ठेवले जाते. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा असर उतरलेला असताना घेतलेली चाचणी आणि गोळी लागू पडल्यावर तासाभराने घेतलेली चाचणी यांची तुलना होऊ शकत नाही. त्यात आदल्या रात्रीची मोडलेली झोप, नैराश्य, कमी ऐकू येणे, लघवीचा संसर्ग, उभे राहताच घसरणारा रक्तदाब हे सगळे गुण खाली ओढतात. कंपासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी औषधे वयस्क माणसाची स्मृती मंदावतात, त्यामुळे ‘डिमेन्शिया’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवणे आवश्यक आहे. मात्र कोणतीही गोळी घरच्या घरी अचानक बंद करू नये.

डिमेन्शियाचे निदान तेव्हाच होते जेव्हा बुद्धीतील बिघाडामुळे रोजचे व्यवहार अडू लागतात, आणि ही गोष्ट यांपैकी एकही चाचणी विचारत नाही. स्वतःच्या गोळ्या कोणत्या, किती वाजता आणि किती घ्यायच्या हे रुग्णाला न पाहता सांगता येते का, हा साधा प्रश्न पार्किन्सन्समधील डिमेन्शिया ओळखण्याच्या तज्ज्ञांच्या २००७ च्या निकषांतही आहे. भास होतात का, हेही गुणपत्रिकेत येत नाही. ते घरच्यांनीच सांगावे लागते.

पीडी-सीआरएस आणि स्कोपा-कॉग या खास पार्किन्सन्ससाठी बनवलेल्या चाचण्या आशयाने अधिक चांगल्या आहेत. तुमच्याकडे त्या मराठीत घेतल्या जात असतील तर त्यांना जरूर पसंती द्यावी. शंभर गुणांची एसीई-३ ही सर्वसाधारण चाचणी अधिक विस्तृत आहे, परंतु तिचा बराच भार भाषेवर आहे.

राहिली सविस्तर तपासणी. लक्ष, आखणी, भाषा, स्मृती आणि जागेचे भान या पाचही क्षेत्रांत किमान दोन-दोन चाचण्या, ही पार्किन्सन्समधील सौम्य बौद्धिक बिघाड ओळखण्याच्या २०१२ च्या निकषांतील वरची, अधिक सखोल पातळी होय. कोणते क्षेत्र दुखावले आणि कोणते शाबूत आहे हे तिच्यातून कळते, आणि आकड्यापेक्षा ही माहिती कितीतरी उपयोगी असते. तिला काही तास लागतात आणि रुग्ण थकतो. कोल्हापुराहून पहाटे निघून सुमारे २३० किलोमीटर पुणे गाठणाऱ्या रुग्णाची गोळीची वेळ प्रवासात हुकली तर एवढ्या खर्चाची तपासणी ‘ऑफ’, म्हणजे औषधाचा असर उतरलेल्या, अवस्थेचीच होते. म्हणून आदल्या दिवशी मुक्काम करावा आणि शक्य असल्यास चाचण्या दोन बैठकांत विभागून मागाव्यात. जाण्यापूर्वी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: चाचण्या मराठीत होतील का, आणि गुणांची तुलना रुग्णाच्या वयाच्या व शिक्षणाच्या लोकांशी केली जाईल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर त्या लांबलचक अहवालातही मोकाचाच दोष शिल्लक राहतो.

हा खटाटोप प्रत्येकाने करावा असे मी म्हणणार नाही. व्यवहार सुरळीत आहेत, फक्त शंका आहे, अशा वेळी गोळी लागू असताना स्थानिक पातळीवर मोका घ्यावी, कागदावर शेवटच्या गोळीची वेळ लिहून घ्यावी आणि साधारण वर्षभराने त्याच अवस्थेत, पण मोकाच्या पर्यायी आवृत्तीवर, पुन्हा घ्यावी, कारण तेच शब्द दुसऱ्यांदा विचारले तर सरावाने गुण वाढतात. डीबीएस (मेंदूत विद्युत तारा बसवण्याच्या) शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, नोकरी सोडावी की नाही हा प्रश्न असेल, मालमत्तेच्या कागदांवर सही करण्याच्या क्षमतेविषयी वाद असेल, किंवा गुण आणि घरातले अनुभव एकमेकांशी जुळत नसतील, तर सविस्तर तपासणीच करावी. आणि तिचा अहवाल येईपर्यंत तीसपैकी मिळालेल्या गुणांचा कागद दाखवून रुग्णाच्या हातातले व्यवहार काढून घेऊ नयेत.