घडीचा जाळीचा पिंजरा: जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा मिसळताना

अंगणातल्या कोंबड्यांत नव्या कोंबड्या आणायच्या असतील तर हा आठ पॅनेलचा, बिनतळाचा घडीचा पिंजरा घ्यावा का? माझं उत्तर हो आहे. फक्त खोक्यावरच्या चित्रात दाखवलाय तसा तो मांडू नका. चित्रात तो मोकळ्या जागेत मधोमध, अष्टकोनी उभा आहे. तसा दिसतो छान, पण जागा फार कमी मिळते. प्रत्येक पॅनेल ६० सेंटीमीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर उंच. आठ पॅनेलचा अष्टकोन केला की आत जेमतेम पावणेदोन चौरस मीटर जागा होते. हीच आठ पॅनेल जुन्या कोंबड्यांच्या कुंपणाला टेकवून, कुंपणाचीच चौथी भिंत करून लावली, दोन-चार-दोन अशी, तर जवळपास २.९ चौरस मीटर मिळतात. माझ्या चार तलंगांना, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांना, अष्टकोनात सतत एकमेकींच्या अंगावर जावं लागलं असतं. आणि आपला खरा उद्देशही याच मांडणीत साधतो. जुन्या आणि नव्या यांच्यात एकच जाळी राहते, दोन्हीकडून सगळं दिसतं, आणि खाली बारीक जाळी लावली (ते पुढे सांगते) की चोच पोचत नाही.

माझ्याकडे आधीच्या सहा कोंबड्या आहेत. ठकी त्यांची म्होरकी. खायला आधी ती, अंडी घालायच्या खोक्यात आधी ती, रात्री दांडीवरची कोपऱ्यातली जागाही तिचीच. पांढरी सगळ्यात शेवटी. कोंबड्यांमधली ही टोचण्याची उतरंड सगळ्या कोंबडीवाल्यांनी पाहिलेली असते, पण तिचा नीट अभ्यास पहिल्यांदा नॉर्वेच्या थॉर्लिफ शेल्डरुप-एबे यांनी केला. लहानपणापासून ते कोंबड्यांवर नजर ठेवून असत. १९२२ साली त्यांचं लेखन प्रसिद्ध झालं आणि कोण कोणाला टोचतं, कोण कोणापुढे वाट सोडतं, याला शास्त्रात जागा मिळाली. मी हे सांगते आहे कारण पिंजऱ्याची किंमत या गोष्टीवरच ठरते. नवी कोंबडी आली की सगळ्यांच्या जागा हलतात आणि प्रत्येक जोडीला आपसांत पुन्हा निवाडा करावा लागतो. चार नव्या आणि सहा जुन्या म्हणजे चोवीस जोड्या, शिवाय नव्यांच्या आपसांतल्या वेगळ्या. हा निवाडा जाळीआडून सुरू झाला तर त्यातला बराचसा मान ताठ करून आणि पिसं फुगवूनच मिटतो. जाळी नसेल तर तो रक्ताने होतो.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हा पिंजरा आजार रोखत नाही. सोबतच्या कागदावर ‘नव्या पक्ष्यांच्या विलगीकरणासाठी उत्तम’ असं छापलंय, ते मला अजिबात पटलं नाही. जाळीतून हवा जाते, धूळ जाते, शिंकेचे तुषार जातात. मायकोप्लाझ्मा या श्वसनरोगाच्या जंतूची लागण झालेली कोंबडी दिसायला ठणठणीत असू शकते. प्रवासाचा, नव्या जागेचा ताण पडला की तिच्या नाकाला पाणी येतं, डोळ्यात फेस दिसतो. कोरायझा या संसर्गजन्य सर्दीमध्ये तोंड सुजतं, आणि बरी झालेली कोंबडीही पुढे आजार पसरवत राहू शकते. म्हणून नव्या कोंबड्या साधारण महिनाभर पूर्ण वेगळ्या, जमेल तितक्या लांब ठेवायच्या. त्यांचं भांडं वेगळं, झाडू वेगळा, आणि रोजची कामं आधी जुन्यांची, मग नव्यांची. त्या काळात शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करावीत आणि उवा आहेत का ते बघावं. पायांवरचे खवले वर उचललेले, खरबरीत दिसले तर तिथे किडे असतात. लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, दिवसा अंगावर सापडत नाहीत, ते रात्री दांडीच्या फटीतून बाहेर येतात, म्हणून बॅटरी घेऊन रात्रीच बघायचं. हे सगळं पार पडल्यावरच पिंजऱ्याचं काम सुरू होतं.

आता वस्तूकडे येते. पॅनेलच्या कडेला कड्या आहेत आणि त्यांतून लांब सळई वरून खाली सरकवली की दोन पॅनेल जोडली जातात. स्क्रू नाहीत, पाना लागत नाही. एकटीने उभा करता येतो, ही मोठी सोय. सळईची टोकं जमिनीत रुततात, त्यामुळे मऊ मातीत तो घट्ट उभा राहतो. फरशीवर मात्र हलतो. रंगाचा थर चांगला आहे. पावसात बाहेर राहूनही फक्त दाराच्या कडीपाशी, जिथे लोखंड लोखंडावर घासतं, तिथे थोडा गंज दिसला. दाराला दोन कड्या आहेत, वर एक आणि खाली एक. खालची फार महत्त्वाची, कारण जुन्या कोंबड्या दाराखाली माती उकरतात आणि तिथून दार ढकललं जातं.

याची खरी उणीव जाळीत आहे. तिचं एकेक भोक ५ सेंटीमीटरचं. एवढ्या भोकातून कोंबडीची मान आरामात आरपार जाते. जाळीच्या पलीकडे खाद्य सांडलेलं दिसलं की तलंगा मान बाहेर काढतात, आणि नेमकी तिथे ठकी उभी असते. तुऱ्यावर टोचा बसला की रक्त लवकर थांबत नाही. शिवाय कोंबड्यांना लाल रंग चटकन दिसतो, त्यामुळे एका जखमेवर सगळ्या तुटून पडतात. हे ओळखून मी पॅनेल उभी करतानाच खालचा ४५ सेंटीमीटर भाग अर्ध्या इंचाच्या वेल्डमेशने (तारा सांध्यांवर जोडलेली चौकोनी भोकांची जाळी) आतून मढवला, बारीक तारेने, पक्कड घेऊन. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्याशिवाय हा पिंजरा या कामाला वापरूच नये. षटकोनी बारीक तारेची जाळी लावून भागवू नका. कुत्रं किंवा मांजर पंजा मारून ती फाडू शकतं.

वरचं छप्पर म्हणजे आकड्यांनी अडकवायचं एक जाळं आणि अर्ध्या भागावर सावलीचं कापड. दिवसा तेवढं पुरतं. रात्रीसाठी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. तळ उघडा आहे, खालून उकरून कोणीही आत शिरू शकतं आणि वरचं जाळं दातांनी तुटतं. माझ्या तलंगा संध्याकाळी खुराड्याच्या बाजूच्या बंद कप्प्यात जात आणि सकाळी पिंजऱ्यात. ज्यांच्याकडे असा बंद कप्पा नाही त्यांनी आधी तो करावा, पिंजरा नंतर घ्यावा.

बिनतळाचा असण्याचा मोठा फायदाही आहे. दर दोन-तीन दिवसांनी मी तो कुंपणाच्या कडेकडेने पुढे सरकवत होते. कोंबड्यांच्या शिटेतून पडणारे कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचे बीजाणू ओल्या, उबदार जागी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. कोवळ्या कोंबड्यांना याचा धोका जास्त, म्हणून त्यांच्या पायाखालची जमीन कोरडी आणि ताजी हवी. आठ पॅनेल एका माणसाला सबंध उचलून सरकवता येत नाहीत. मी मधली सळई काढून दोन भाग करायचे आणि एकेक सरकवायचे. त्या वेळी तलंगा कप्प्यातच असत.

खाण्याचा घोळ मात्र कुठलाही पिंजरा सोडवत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साधारण साडेतीन ते चार टक्के असतं, वाढत्या तलंगांच्या खाद्यात एक टक्क्याच्या आसपास. तलंगांनी अंडी देण्याआधी बराच काळ लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्यांचं खाद्य, खाल्लं तर त्यांच्या मूत्रपिंडावर भार येतो. पिंजरा असेपर्यंत दोघींची भांडी वेगळी ठेवणं सोपं आहे. दार उघडल्यावर ते अशक्य होतं. तेव्हा मी सगळ्यांनाच ग्रोअर, म्हणजे वाढत्या तलंगांचं, खाद्य सुरू केलं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवला. ज्या कोंबडीला अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम हवं ती स्वतःहून तिथे जाते, तलंगा फारशा फिरकत नाहीत. खाद्याची मुख्य भांडी मात्र जाळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवायची. शेजारी खाता खाता त्यांना एकमेकींची सवय होते. पहिल्यांदा ठकी जाळीवर झडप घालायची, नंतर नुसती मान उंचावून बघायची, आणि मग एका दुपारी ती जाळीला पाठ टेकवून धुळीत लोळत होती, पलीकडे एक तलंग तशीच लोळत होती. ते पाहिलं आणि मी ठरवलं की आता दार उघडायचं.

तारखा मोजून दार उघडू नका, वागणं बघून उघडा. आणि उघडाल तेव्हा दिवस मावळायच्या आधीचा तास निवडा. सगळ्यांना चरायला मोकळी जागा असते आणि थोड्याच वेळात अंधार भांडण थांबवतो. अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नाही, म्हणून रात्री नव्यांना उचलून दांडीवर जुन्यांच्या शेजारी ठेवायची पद्धत आहे. ती चालते, पण उजाडायला लागण्याआधी तुम्ही खुराड्यापाशी हजर हवं, कारण पहिली चकमक पहाटे उडते. दांडीवर प्रत्येकीला २० ते २५ सेंटीमीटर जागा आहे ना, हे आधी मोजून घ्या.

इथे या पिंजऱ्याने मला दुसऱ्यांदा उपयोग दिला, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा. दार उघडल्यावर मी पॅनेल सुटी केली आणि अंगणात नागमोडी आडोसे करून उभी केली, त्यांवर जुनी चादर टाकली. मार खाणाऱ्या कोंबडीला मारणारीच्या नजरेआड जाता आलं की पाठलाग तिथेच संपतो. आडोशाला दोन्हीकडून वाट हवी. एकीकडून बंद कोपरा झाला तर तीच कोंबडीला कोंडून मारायची जागा होते. एक खाद्याचं आणि एक पाण्याचं भांडं आडोशामागे ठेवलं. रात्री दांडीवर बसल्यावर मी प्रत्येक तलंगेच्या गळ्याखालची पिशवी हाताने चाचपून बघायचे. ती भरलेली, टणक लागली की ती दिवसभर खाऊ शकली. मोकळी लागली तर तिला कोणीतरी भांड्यापासून हाकलत होतं. दिवसभर लक्ष ठेवूनही हे कधीकधी नजरेतून सुटतं, पण पिशवीवरून कळतं.

आणि हाकलणारी ठकी नव्हतीच. ती दोन टोचे मारायची, समोरची मान खाली घालायची, विषय संपला. त्रास दिला तो पांढरीने. जी आजवर सगळ्यात खाली होती तिला पहिल्यांदाच आपल्याखाली कोणी मिळालं होतं, आणि ती जागा हातची जाऊ नये म्हणून ती सगळ्यात लहान तलंगेच्या मागे दिवसभर लागली. पिसं उपटली, पाठीवर एक टक्कल पडलं. टोचणं होणारच, त्यात पडू नये. पण रक्त, किंवा एकच कोंबडी सतत कोपऱ्यात, किंवा रिकामी पिशवी, यांपैकी काहीही दिसलं की हात घालायलाच हवा. मी पॅनेल पुन्हा जोडली आणि पांढरीला आत ठेवलं, तलंगा बाहेर. पाणी, खाद्य, सावली, सगळं आत होतं आणि बाकीच्या तिला दिसत होत्या. नव्यांना मारहाण करणाऱ्या जुनीला काही दिवस बाजूला काढलं की तिच्या मागे उतरंड नव्याने बसते आणि परतल्यावर तिला आपली जागा पुन्हा मागावी लागते. दूर, नजरेआड ठेवलं तर ती पुरती परकी होऊन येते, कारण कोंबड्या एकमेकींना मुख्यतः तुऱ्यावरून, डोक्यावरून ओळखतात आणि ती ओळख कायमची टिकत नाही. जाळीच्या पिंजऱ्यात हा धोका राहत नाही. पांढरी बाहेर आली तेव्हा ती छोटी तलंग तिच्यासमोरून बाजूला झाली, पांढरीने एकदा टोचलं आणि खायला लागली.

या सगळ्या दिवसांत जुन्या कोंबड्यांची अंडी कमी झाली. ताणामुळे तसं होतंच, काळजी करू नये.

एकच नवी कोंबडी आणणार असाल तर पिंजरा असो वा नसो, आणू नका. सहा जणींचा सगळा राग एकटीवर निघतो. किमान दोन आणा, आणि अंगाने जुन्यांच्या जवळपास आलेल्या आणा. फार लहान असतील तर या पिंजऱ्याची एक युक्ती उपयोगी पडते. एक पॅनेल विटांवर उचलून खाली इतकीच फट ठेवायची की तलंगा वाकून आत शिरतील आणि जुन्या अडतील. आत त्यांचं खाद्य. पण जुन्या कोंबड्या बुटक्या जातीच्या असतील तर त्याही शिरतात.

काम झाल्यावर पॅनेल घासून, धुऊन, कडक उन्हात वाळवली. घडी करून भिंतीला टेकवली की चार बोटं जाडीची जागा लागते. बनवणाऱ्यांना मी दोन गोष्टी कळवल्या आहेत. खालच्या अर्ध्या भागाला अर्ध्या इंचाची जाळी कारखान्यातूनच लावून द्या. आणि पॅनेल सुटी विका. कुंपणाला टेकवून मांडणाऱ्याला आणखी दोन मिळाली तर चारऐवजी सहा तलंगांची सोय होते, सबंध दुसरा संच घ्यावा लागत नाही.