एका ताटात आठ जण: भेंडी बाजारातलं बोहरी जेवण

भेंडी बाजाराजवळ एका बोहरी (म्हणजे गुजराती मुस्लिम) कुटुंबाकडे रविवारी घरच्या घरी जेवायला बोलावतात, आधी बुकिंग करून, असं ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून मागच्या महिन्यात आईला घेऊन गेले. नाव देत नाहीये, कारण थोडी तक्रारपण आहे आणि घरगुती लोकांचं उगाच नाव कशाला खराब करा.

तर आधी तक्रार. साडेबाराची वेळ देऊन पहिला पदार्थ पावणेदोनला आला, तीन मजले चढायचे आणि लिफ्ट नाही हे बुकिंगच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं, आईचे गुडघे जिन्यातच बोलायला लागले. माणशी 1500 रुपये. झालं.

आता जेवण. जमिनीवर कापड अंथरलेलं, त्याला ते सफरा म्हणतात, त्यावर घडवंचीसारखं काहीतरी आणि त्यावर परातीएवढा थाळ. सगळ्यांनी त्याच्याभोवती गोल बसायचं, डोकं झाकून, आठ जणांत एकच थाळ. हे मी आईला सांगितलंच नव्हतं, सांगितलं असतं तर आली नसती. ती माझ्या कानात, "अगं म्हणजे सगळ्यांचं उष्टं?" तर वाढणाऱ्या आंटी मराठीत म्हणाल्या, "मावशी, आपल्या समोरचंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही." आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अख्खा जन्म मुंबईत गेलेल्या बाईला मराठी कळणार नाही असं आम्हाला का वाटलं देव जाणे.

सुरुवात मिठाने, प्रत्येकाने चिमूटभर चाटायचं. आई लगेच, "आपल्याकडे पानात पहिलं मीठच वाढतात की." मग थेट आईस्क्रीम! यांच्यात आधी मिठास म्हणजे गोड, मग खारास म्हणजे तिखटमिठाचं, मग परत मिठास, परत खारास असं चालतं. आईस्क्रीम संच्यातलं, हाताने फिरवलेलं, सीताफळाचं, पण आमच्यापर्यंत येईतो कडेने वितळलं होतं.

खिमा समोसे कोळशाची धुरी दिलेले, एकदम पातळ पापुद्रा, मी चार खाल्ले. नंतर पात्वेलिया आलं आणि आई बघतच राहिली, कारण ती चक्क आपली अळूवडी, बेसन लावून गुंडाळी केलेली, फक्त मटणाच्या रश्श्यात सोडलेली. आणि शेवटी डाळ-चावल-पालिदू. भातात तुरीच्या डाळीचे थर, आणि डाळ शिजवलेलं पाणी काढून त्यात बेसन, शेवग्याच्या शेंगा, कोकम घालून केलेलं पातळ पालिदू वर ओतायचं. आईचा निकाल, "कटाची आमटीच ही." पुरणाची नाही, गोडसरही नाही, पण डोकं तेच, डाळीचं पाणी फेकायचं नाही. मला विचाराल तर रानपेक्षा, म्हणजे मटणाच्या अख्ख्या भाजलेल्या मांडीपेक्षा, हे पालिदू भारी, रान जरा सुकं झालं होतं.

गंमत म्हणजे आमच्या थाळावर केरळातल्या मलप्पुरमचं एक मुस्लिम जोडपं होतं, त्यांना यातलं काहीच ओळखीचं नव्हतं. त्यांच्या घरी पथिरी म्हणजे तांदळाची पातळ भाकरी, नारळ, बारीक तांदळाची बिर्याणी. मीठ चाटायचं बघून तेपण आमच्याइतकेच गोंधळलेले. आंटी नवऱ्याशी जे बोलत होत्या ते गुजरातीसारखं, मधेच अरबी शब्द, त्यांची लिसान-उद्-दावत, अरबी लिपीत लिहितात म्हणे. ते जरातरी कळलं समोरच्या पारशी काकांना. उरलेले आम्ही सगळे, त्यात दोन बंगाली मैत्रिणी आणि एक पंजाबी मुलगा, मुंबईच्या मोडक्या हिंदीवर. ती केरळची ताई आईला विचारत होती हे पान कसलं आणि आई तिला अळू घशाला खाजू नये म्हणून चिंच का घालतात ते हातवारे करून समजावत होती, म्हणजे बोहरी पदार्थ शिकवायला डोंबिवलीची बाई.

थाळात दाणा ठेवायचा नाही हा नियम कडक आहे, आंटी उभ्या राहून बघतात. शेवटी परत चिमूटभर मीठ.

पाचपैकी चार, एक स्टार जिना आणि उशीर यांचा कापला. शाकाहारी असाल तर पैसे वाया जातील, त्यांच्यासाठी फक्त डाळ-भात आणि गोड उरतं. आई आता सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरतेय, मटणातली अळूवडी खाल्ली म्हणून. एका ताटाची गोष्ट मात्र गाळते.