डिस्क की डाउनलोड? किंमत तर एकच!

प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलवरच्या नव्या मोठ्या गेमला अमेरिकेत बहुतेकदा ७० डॉलर पडतात, डिस्क घ्या नाहीतर डाउनलोड करा. डिस्कचं एकवेळ समजतं: छपाई, डबा, वाहतूक, दुकानदाराचा नफा. शिवाय खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राला देता येते. डाउनलोडमध्ये हाती येतो तो फक्त वापराचा परवाना. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून ग्राहकाला हे स्पष्ट सांगणं कायद्याने बंधनकारक झालंय. डाउनलोड विकणारा प्लॅटफॉर्म साधारण ३० टक्के कमिशन कापतो, मान्य. पण पुनर्विक्रीचा हक्क गेला, त्याची वजावट कुठाय? पीसीवर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान त्यातल्या त्यात बरं: दणदणीत सेल, आणि १४ दिवसांत, दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. कन्सोलवर मी डिस्कच घेईन. डाउनलोड पन्नास डॉलरच्या आत आला, तर बघू.