काजूच्या बागेला पैसा: व्यापाऱ्याची उचल की किसान क्रेडिट कार्ड?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेची साफसफाई आली की मजुरांना रोख लागते. बिया हाती येतात मार्च ते मेमध्ये. व्यापाऱ्याकडे उचल, म्हणजे बियांवर आगाऊ पैसे, संध्याकाळी मागा, सकाळी मिळते. कागद नाही, प्रश्न नाहीत. पण मग बिया त्याच्याच काट्यावर, दरही तोच सांगणार. व्याज दिसत नाही, किलोमागे कापलं जातं.

किसान क्रेडिट कार्डावर, म्हणजे बँकेच्या पीककर्जावर, 3 लाखांपर्यंत 7 टक्के व्याज, वेळेत फेडलं तर 4. बिया मग बागायतदारांच्या सहकारी संस्थेत घाला नाहीतर बाजारात. उताऱ्यावर नाव असलेल्याने उचल घ्यावी, हे मला तरी पटत नाही. अडतं ते एक-चौदापाशी, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यापाशी: जमीन भाटकाराची (जमीनदाराची), कसणारा दुसराच. तोंडी खंडाने कसणाराही योजनेत बसतो म्हणे. बँकेच्या टेबलावर ते सिद्ध कसं करायचं?